कातरवेळचा लाल

ती घटना मला अजून आठवते, आणि गंमत म्हणजे फक्त संध्याकाळीच आठवते. सकाळी पेपर वाचताना नाही, दुपारी जेवताना नाही. आता दिवा लावावा की थोडं थांबावं, असं ज्या वेळेला वाटतं, त्या वेळेला. माझी बायको तिला कातरवेळ म्हणायची. पोलीस खात्यात हा शब्द नाही. आम्ही 'सायंकाळचे सुमारास' लिहितो आणि पुढे सरकतो.

नाशिक शहरातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. थंडीचे दिवस होते. एका संध्याकाळी एक मध्यमवयीन गृहस्थ पायांत चपलाही न घालता ठाण्यात आले. त्यांची आई घरातून निघून गेली होती. बाईंना विस्मरणाचा आजार होता. दिवसभर ठीक असायच्या; दिवस मावळायला लागला की दाराबाहेरच्या पायरीवर येऊन बसायच्या आणि म्हणायच्या, "घरी जाते आता, उशीर झाला." मुलगा रोज सांगायचा, "आई, हे घरच आहे." त्या दिवशी तो चहा टाकायला आत गेला आणि परत आला तेव्हा पायरी रिकामी होती.

ठाणे अंमलदाराने मिसिंग नोंदवली. बांधा सडपातळ, हातात सोन्याच्या पाटल्या, नेसूला लाल साडी.

"साडी लालच होती, नक्की?" मी विचारलं.

"साहेब, पायरीवर बसलेली बघूनच मी आत गेलो. लालभडक. तिच्या आईने दिलेली आहे, हल्ली रोज तीच मागते."

सुनेने कपाट तपासलं होतं. बाकीच्या साड्या जागेवर होत्या.

वर्णन बिनतारीवर गेलं. घाट, देवळं, रुग्णालयं, एसटी स्टँड सगळं पालथं घातलं. नाशिकची थंडी काय असते ते नाशिककरांना सांगायला नको. एवढ्या वयाची बाई उघड्यावर किती तग धरणार, हा हिशेब आमच्यातला प्रत्येक जण मनात करत होता.

दुसऱ्या दिवशी एका खबऱ्याचा फोन आला. एका रिक्षावाल्याकडे म्हाताऱ्या बाईची कापडी पिशवी आहे. आम्ही त्याला पिशवीसकट आणलं. आत एक फणी, शेवेची पुडी आणि बाळाचं टोपडं. मुलाने पिशवी ओळखली आणि ती पोटाशी धरून बाकावर बसून राहिला.

रिक्षावाला चाळिशीचा, अंगाने किरकोळ. घाबरलेला होता, पण बोलणं सरळ होतं. "एक आजी बसली व्हती साहेब. हरसूलला जायचं म्हनली. त्र्यंबक रोडला काळीपिवळ्या लागत्यात ना, तिथं वडाखाली सोडली. पिशवी राहिली. पुन्हा दिसली तर देऊ म्हनून ठेवली. पन तुमी म्हनता ती लाल साडीवाली ही नाय. हिची साडी काळी व्हती."

बाईंचं माहेर हरसूलकडचंच. पण माणसं पाठवून काळीपिवळी जीपवाल्यांना विचारलं, "काल संध्याकाळी लाल साडीतली म्हातारी बसली होती का?" एकजात सगळे नाही म्हणाले. चौकातल्या कॅमेऱ्यात रिक्षा दिसली, पण उजेड कमी झाल्यावर तो कॅमेरा काळंपांढरं चित्र देतो. रंगाचा विषयच मिटला.

"पाटल्यांचा मामला आहे साहेब," आमचे हवालदार म्हणाले. "बाईच दुसरी होती म्हणून सांगतोय. पक्का आहे."

मी चौकशीत एक गोष्ट नेहमी करायचो. समोरच्याला सुटायला एक दार उघडं ठेवायचं आणि तो काय करतो ते बघायचं. मी म्हटलं, "अरे, संध्याकाळची वेळ. लाल असेल, तुझ्या लक्षात आलं नसेल."

त्याने मान हलवली. "लाल म्हनलं तर तुमचं समाधान व्हईल, कळतंय मला. पन काळीच व्हती. आईच्या वयाची बाई, तिच्याबद्दल खोटं कशाला बोलू?"

खोटं बोलणारा माणूस असं दार दिसलं की धावत सुटतो. हा उंबऱ्यावरच बसून राहिला. माझा त्याच्यावर विश्वास बसला आणि त्यामुळे पंचाईतच झाली, कारण मुलगाही खोटं बोलत नव्हता. दोघं खरे आणि साडी एकच! अशी केस ट्रेनिंगमध्ये कोणी शिकवत नाही.

संध्याकाळी दोन घास खायला शेजारच्याच क्वार्टरवर गेलो. बायको पायरीवर बसली होती. तिथे तिने लावलेलं जास्वंदीचं झाड होतं, फुलांनी भरलेलं. मी बूट काढता काढता सहज म्हणालो, "काळी जास्वंद कधी आणलीस?"

"काळी? खात्यात राहून डोळे पण गेले का?" ती म्हणाली. "सकाळी याच झाडाचं फूल गणपतीला वाहिलंय. लाल आहे की चांगली."

"आत्ता बघ आणि सांग."

"बघूनच सांगतेय. लाल."

मी टॉर्च मारला. फुलं लाल. टॉर्च विझवला, काळी. पानं मात्र हिरवी, जरा जास्तच उजळ. बूट पुन्हा पायात घातले. जेवण तसंच राहिलं. बायको मागून काहीतरी पुटपुटली, ते मी ऐकलं नाही असं दाखवलं.

जीपच्या थांब्यावरच्या शिपायाला फोन केला. "आता काळी साडी म्हणून विचार."

पाच मिनिटांत एका जीपवाल्याचं उत्तर आलं. "काळ्या साडीतली आजी? हो की, माझ्याच गाडीत होती. हरसूलच्या अलीकडं पाड्याच्या फाट्यावर उतरली."

मुलाला आणि रिक्षावाल्याला घेऊन आम्ही निघालो. पाड्यावरच्या एका घरात जेवणं चालली होती. ओसरीवर बल्बच्या उजेडात बाई नागलीची भाकरी खात बसल्या होत्या. पाटल्या हातात, खांद्यावर कोणाचीतरी गोधडी आणि नेसूला कुंकवासारखी लाल साडी.

रिक्षावाल्याने दोन्ही कान पकडले. "लाल हाय की हो!"

"तेव्हा काळीच दिसली असेल," मी म्हणालो. "तू खरंच बोललास."

माहेरचं कोणी तिथे उरलं नव्हतं. जुन्या घराच्या जागेवर दुसऱ्याच कुटुंबाचं घर उभं होतं. त्या घरची बाई म्हणाली, "फोनला रेंज नाय इथं. आज पोरगा कामावर गेलता, उद्या सकाळी हरसूलला जानार व्हता सांगाया. म्हातारी म्हनं, माहेरला आली. माहेरला आलेल्या बाईला कोन हाकलंल, साहेब?"

मुलगा आईसमोर जाऊन बसला. त्यांनी त्याला ओळखलं की नाही, देव जाणे. म्हणाल्या, "तू पन जेव. आई येतीच आहे."

पुढे मी एका डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, उजेड घटला की डोळ्यातल्या रंग ओळखणाऱ्या पेशी मंदावतात, अंधारात काम करणाऱ्या पुढे येतात, आणि त्यांना लाल जवळजवळ दिसत नाही. म्हणून संध्याकाळी लाल सगळ्यांत आधी काळं पडतं. मग मुलाला लाल कसं दिसलं? ओळखीच्या वस्तूचा रंग मेंदू आठवणीतून भरतो, म्हणाले. परक्याला काळं दिसतं, घरच्याला लाल.

त्यानंतर साक्षीदाराला मी आधी उजेड विचारायचो, मग रंग. आणि प्रश्नात रंग कधीच घातला नाही. नोकरीपुरता धडा एवढाच.

उरलेला धडा निवृत्तीनंतर मिळाला. क्वार्टर सोडताना बायकोने त्या जास्वंदीची फांदी आणली, ती आता आमच्या अंगणात वाढली आहे. बायको नाही. रोज संध्याकाळी मी पायरीवर बसतो. परवा नव्याने राहायला आलेले शेजारी फाटकाशी थांबून म्हणाले, "काळी जास्वंद पहिल्यांदाच बघतोय." मी म्हटलं, लाल आहे. मला खरंच लालच दिसत होती.

बायकोची फार आठवण येते. त्या बाई रोज पायरीवर बसून 'घरी जाते' असं का म्हणायच्या, ते तेव्हा मी आजार म्हणून लिहून घेतलं होतं. आता दिवस मावळायला लागला की मलाही घरी जावंसं वाटतं, आणि मी घरीच बसलेला असतो.