भोंग्याची कुजबुज

बसस्थानकावर गाड्यांच्या घोषणा करण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. माइक बिघडला तरी काम अडत नसे. ते खिडकीतून डोकं बाहेर काढून फलाट सांगत आणि बाकावर झोपलेले प्रवासी सामानासकट उठून उभे राहत. लोक त्यांना भोंगा म्हणत. वय झालं तसे मानानं भोंगाकाका म्हणू लागले, एवढाच फरक. घरात मीठ मागायचं तरी आवाज तोच. बायको म्हणायची, मी समोरच बसलेय, फलाटावर नाही.

मग नात झाली. थोडी मोठी झाल्यावर, आजोबांनी तोंड उघडलं की ती कानांवर हात दाबून टेबलाखाली जाई. डॉक्टरांनी ऑटिझम हा एक शब्द सांगितला आणि उरलेलं सगळं शेजाऱ्यांनी सांगितलं. कुणी म्हणालं, लाडावून ठेवलीय. कुणाच्या मेव्हण्याच्या ओळखीत असाच एक मुलगा होता आणि तो आता परदेशात बक्कळ कमावत होता. सल्ल्यांना तोटा नव्हता. सुनेला निवांत आंघोळ करता यावी म्हणून पोरीजवळ जरा बसा म्हटलं, की मात्र सगळ्यांच्या गॅसवर दूध ठेवलेलं असे.

भोंगाकाका कुजबुजायला शिकले. उतारवयात घशाला ते मानवेना. सुरुवातीला सिंहानं म्याव केल्यासारखं वाटे. पण नात टेबलाखालून बाहेर आली आणि पुढेपुढे त्यांच्या शेजारी येऊन बसू लागली.

सुनेनं तशीच आणखी काही घरं गाठली. वाचनालयाच्या वरच्या खोलीत दर रविवारी सगळे जमू लागले. मुलं आपापल्या कोपऱ्यात रमत आणि आईबापांना कुणालाही काहीही समजावून न सांगता घटकाभर बसता येई. काकांकडे खुर्च्यांचं खातं होतं. खुर्ची सरकताना किरकिरली की पोरं कळवळत, म्हणून त्यांनी घरातले होते नव्हते ते मोजे आणून खुर्च्यांच्या पायांत चढवले. आमच्याकडे माणसं अनवाणी आणि खुर्च्या मोज्यांत, असं सून हसून सांगे. टाळ्यांनाही बंदी. एखाद्या मुलानं पहिल्यांदा बुटाची नाडी बांधली, की सगळ्यांनी दोन्ही हात वर करून पंजे हलवायचे, तीच टाळी.

खोली मात्र तात्पुरती होती. पत्ते खेळणाऱ्या मंडळींचाही तिच्यावर डोळा होता आणि निर्णय वाचनालयाच्या अध्यक्षांच्या हातात. ते म्हणाले, देऊ की, पण आधी मी येऊन मार्गदर्शन करतो.

अध्यक्ष आले ते माइक घेऊनच. काकांनी जुन्या सवयीनं तो हातात घेतला, आतली एक तार हळूच सोडवली आणि बिघडलाय म्हणून हातवारे करून दाखवलं. अध्यक्षांना ऐकू कमी यायचं. तसं त्यांना अनेकांनी सांगितलं होतं, पण ते त्यांना ऐकू आलं नव्हतं.

समाज तुमच्या पाठीशी खंबीरपणे उभा आहे, असं म्हणून ते टाळ्यांसाठी थांबले. खोलीतल्या सगळ्यांनी हात वर करून हलवले. अध्यक्ष चपापले. त्यांनी पुढचं वाक्य टाकलं, तर हात अधिकच जोरात हलू लागले. त्यांच्या भाषणात लोक पेंगले होते, उठून गेले होते. पण असा घाऊक निरोप त्यांना कुणी दिला नव्हता. त्यांनी कागद घडी करून खिशात घातले आणि तडक जिना उतरले.

"बाबा, गेली खोली," सून म्हणाली.

काका मागोमाग धावले. खालच्या पायरीवर त्यांना गाठून कुजबुजत खुलासा करू लागले.

"तोंडातल्या तोंडात पुटपुटू नका," अध्यक्ष म्हणाले. "हाकलायचंच होतं तर बोलावलंत कशाला?"

काकांनी वर पाहिलं. बंद काचेला नातीचं नाक चिकटलेलं होतं. त्यांनी अध्यक्षांचा दंड धरला, त्यांना पार गल्लीच्या तोंडाशी नेलं आणि इतक्या वर्षांनी घसा मोकळा सोडला.

"कृपया लक्ष द्या. आमच्याकडे टाळ्या वाजवत नाहीत, हात हलवतात. मुलांच्या कानांना टाळ्या सोसत नाहीत. आपलं भाषण सर्वांना अतिशय आवडलेलं आहे."

शेवटचं वाक्य खोटं होतं. पण न सुटलेली गाडी थोड्याच वेळात येत आहे, हेही ते जन्मभर याच आवाजात सांगत आले होते.

गल्लीतल्या सगळ्या खिडक्या उघडल्या. कुणीतरी गमतीनं हात हलवला, मग दुसऱ्यानं, आणि बघता बघता सगळी गल्ली हात हलवू लागली. अध्यक्षांची छाती फुगली. आपली लोकप्रियता या थराला गेली असेल याची त्यांना कल्पना नव्हती. त्यांनी तिथेच गाडीच्या टपावर कागद ठेवून सही केली आणि खोली देऊन टाकली.

काका धास्तावून वर आले. नात खिडकीशीच होती, पण कानांवरचे हात खाली आलेले. त्यांच्याकडे न बघता ती हलक्या आवाजात, थेट त्यांच्याच सुरात म्हणाली, "कृपया लक्ष द्या. आपलं भाषण सर्वांना अतिशय आवडलेलं आहे." संध्याकाळपर्यंत ती तेच म्हणत होती.

पुढच्या रविवारी समोरच्या खिडकीतल्या एक बाई आल्या. सल्ला काही नाही, नुसतं गप्प बसायचं असेल तर मला जमेल, म्हणाल्या. त्यांना लगेच घेतलं. पाठोपाठ अध्यक्षही आले, राहिलेलं मार्गदर्शन करायला. त्यांचं पहिलं वाक्य संपायच्या आत सुनेनं दोन्ही हात वर केले, मग सगळ्यांनी केले, आणि ते हात काही केल्या खाली येईनात. भारावलेल्या अध्यक्षांना पुढे बोलवेना. भोंगाकाकांनी त्यांच्यामागे हळूच खुर्ची सरकवली आणि ते तिच्यावर बसले.