धाकटीचं स्टूल

केस पांढरे झाले तरी शिवणकामाच्या दुकानात तिला सगळे धाकटीच म्हणत. थोरली, म्हणजे तिची मोठी जाऊ, वारून वर्ष लोटलं होतं. आता ही धाकटी कुणाची, असं विचारायची कुणाची टाप नव्हती.

दोघींनी उभा जन्म कापडं बेतायच्या एकाच टेबलापाशी काढला. काय दिवस होते ते! रेडिओ लागलेला, हातात खडू, आणि कात्रीच्या जोडीला तोंडाचे पट्टे. "माया ठेव गं, माया ठेव!" थोरली ओरडायची. माया म्हणजे शिवणीच्या आत राखलेलं जास्तीचं कापड, पुढे माणूस सुटलं तर उसवून सैल करायला. धाकटीचा हात त्या बाबतीत आखडता.

दुसऱ्या बाळंतपणानंतर धाकटीच्या पोटऱ्यांवर लाल-निळ्या बारीक शिरांची जाळी उमटली. बसल्यानं रक्त साकळतं, असं तिचं तिनंच ठरवून टाकलं आणि ती हट्टानं आणखीच उभी राहू लागली. थोरलीला ते बघवेना. नवा झगा शिवायचं निमित्त काढून तिनं हिच्या पायाचं माप घेतलं आणि सुताराकडून उंच स्टूल करून आणलं. धाकटी बसली, तर पाय लोंबकळले. सगळं दुकान खो-खो हसलं.

"अगं, पायांत माया ठेवलीय. कापून घे," थोरली म्हणाली.

धाकटीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. स्टूल कोपऱ्यात गेलं आणि त्यावर चिंध्यांचं गाठोडं बसलं.

हल्ली संध्याकाळी पाय ठणकायचे. सुनेनं जवळजवळ ओढतच तिला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. धाकटीच्या मनात एकच धास्ती होती, बाई टेबल सोडायला लावणार. टेबल सुटलं तर आयुष्यात उरलं काय?

"शिरांत छोट्या झडपा असतात," बाई म्हणाल्या. "रक्त वर जाताना त्या त्याला मागे फिरू देत नाहीत. त्या सैल पडल्या की रक्त साचतं, शिरा फुगतात. काहींच्या घराण्यातच असतं. बाळंतपणं, तासन्‌तास उभं राहणं, यानं वाढतं."

"बसल्यानं नाही?"

"एका जागी खिळून बसणंही वाईटच. पण तुम्ही कधी बसलात?"

सून फिसकन हसली. सोनोग्राफीत आतल्या शिरा ठीक निघाल्या. वरची जाळी नकोशी असेल तर बारीक सुईनं औषध सोडून किंवा लेझरनं घालवता येते, पण पुन्हा नवी येऊ शकते, असं बाईंनी सांगितलं. ठणक्यासाठी घट्ट मोजे दिले.

"आणि टेबल?" धाकटीनं जीव मुठीत धरून विचारलं.

"ते कशाला सोडताय? मधूनमधून चाला, मधूनमधून बसा. पाय टेकतील असं स्टूल घ्या."

दुसऱ्या दिवशी दुकानात मोजे चढवताना ती घामाघूम झाली. "शिवणाऱ्या मेल्यानं जरा माया ठेवायची!" ती करवादली आणि मग तिच्याच ध्यानात आलं, हे तर थोरलीचं बोलणं. ती असती तर टाळी दिली असती. धाकटीला तिची इतकी आठवण आली, की डोळे पुसायला तिनं चिंध्यांचं गाठोडंच ओढलं. खाली स्टूल होतं.

सुतार आला. ती वर चढून बसली. पाय तसेच लोंबकळत होते.

"किती कापू?"

"बोटं टेकतील एवढंच काप," धाकटी म्हणाली. "थोडी माया राहू दे."