होडी वाजवून पाहणारे मामा

डिंभे धरणाच्या काठावर फायबरच्या होड्या दुरुस्त करणारे एक मामा आहेत. त्यांचं नाव विचारायचा मला कधी धीर झाला नाही. जुनी होडी तपासताना ते डोळे मिटतात आणि बोटाच्या पेराने तळ वाजवत पुढे सरकतात. आवाज बद्द आला की थांबून एवढंच म्हणतात, "हितं पाणी मुरलंय."

मासेमारीसाठी आम्ही वहिनीच्या वडिलांची जुनी होडी घेणार होतो. मामांनी मला वाटेत थांबवलं. "ताई, घ्यायच्या आदी मला एकदा वाजवून बघू द्या. लई येळ न्हाई लागायचा."

मी घरी सांगितलं. बाबा उसळले, "सुनंच्या बापाची होडी तपासायची? मंग सोयरीक कशाला केली?" वहिनी चुलीपाशी ऐकत होती. मी गप्प बसले.

होडी न तपासताच घेतली. पंधरवड्यात भर धरणात तिच्यात पाणी भरलं. जाळी गेली, दादा कसाबसा पोहत काठाला लागला. होडी ओढून आणल्यावर मामांनी तळ खरवडला. नव्या रंगाखालची जुनी ठिगळं मला दिसली. मामांनाही दिसली. शेजारी वहिनी मान खाली घालून उभी होती.

ठिगळांवर तळवा ठेवून मामा मागून येणाऱ्या बाबांना म्हणाले, "खडक लागला भाऊ. व्याह्यांचा काय दोस न्हाई."

वहिनीने श्वास सोडला.

कुणाच्या होडीबद्दल मामा खोटं बोललेलं मी ऐकलं नव्हतं. हे एक त्यांना बोलावं लागलं, कारण बाबा उसळले त्या दिवशी घरात मी दुसऱ्यांदा तोंड उघडलं नाही.