वाळूतले दोन साडू

गाडीत बसण्याआधी तो बॉनेटवर दोनदा थाप मारायचा आणि म्हणायचा, "चाल वं माय." नव्या कोऱ्या गाडीला त्याने अशी घरच्या म्हशीसारखी हाक मारली की गिऱ्हाईक हसायचं आणि निम्मा सौदा तिथेच व्हायचा. तो गाडी चालवून दाखवायचा, मी विकायचो.

तुम्ही शहाद्याकडे आला असाल तर रस्त्याच्या दोन्ही अंगांची शोरूम पाहिली असतील. एक आमचं, एक समोरच्या कंपनीचं. दोन्हीकडे सारख्याच पिकअप: उंच, दांडग्या, चारही चाकांना जोर असलेल्या. घेणारे केळीवाले, ऊसवाले. तोरणमाळचा घाट खेळत चढेल अशी गाडी घ्यायची आणि शेतातून बँकेत न्यायची. सरड्याची धाव कुंपणापर्यंत! पण कंपन्यांची चुरस मात्र खरी. त्यांनी टपावर दिवे लावले की आम्ही दोन जास्त लावायचो. आम्ही रविवारी गोमाई नदीच्या कोरड्या वाळूत गाडी पळवून दाखवणार म्हटलं की तेही त्याच रविवारी तिथेच हजर.

त्यांची गाडी चालवायचा आमच्या या ड्रायव्हरचा साडू. दोघांच्या बायका ब्राह्मणपुरीच्या सख्ख्या बहिणी.

"गाडी शे का डबडं?" हा विचारायचा.

"डबडं शे, पन तुन्हा पुढे शे," साडू म्हणायचा. दुपारी दोघं एकाच डब्यातली कळण्याची भाकरी खायचे. कंपन्यांचं वैर त्यांच्यापुरतं चेष्टेचं होतं.

एका रविवारी साडूची गाडी पोटापर्यंत रुतली. याने मागचापुढचा विचार केला नाही. रुतलेल्याला दोर लावायचा, हे नदीकाठच्या माणसाला कोणी शिकवत नाही. "काय साडूभाऊ, आडकनात का?" असं हसत विचारून त्याने गाडी ओढून काढली. आमच्या मॅनेजर साहेबांनी ते सगळं मोबाइलवर टिपलं. दुसऱ्या दिवशी व्हिडिओ जिल्हाभर फिरत होता, खाली ओळ होती: 'त्यांची अडकते, आमची काढते.' शोरूमच्या टीव्हीवरही तोच लागला.

त्या आठवड्यात समोरच्या कंपनीने साडूला कामावरून काढलं.

हा साहेबांसमोर जाऊन उभा राहिला. "साहेब, मन्हा साडू शे तो. व्हिडिओ काढी टाका ना."

"धंद्यात साडू नसतो," साहेब म्हणाले.

आखाजीच्या सणाला दोघी बहिणी नेहमी मिळून माहेरी जात. त्या वर्षी धाकटी, साडूची बायको, आलीच नाही. "घरमा कोन्ही मन्हासंगे बोलत नही, भाऊ," एवढंच तो मला म्हणाला.

पुढच्या रविवारी मी त्याच्या शेजारी बसलो होतो. समोर सैल वाळू होती, मलाही दिसत होती. म्हटलं, "चारही चाकांचा जोर लावा की."

"ऱ्हाऊ द्या, भाऊ."

त्याने गाडी सरळ आत घातली. रुतली तरी रेस देत राहिला. मग उतरला आणि दोन्ही हात वर करून पलीकडच्यांना ओरडला, "आते माले बी वढा!"

त्यांचा नवा ड्रायव्हर दोर घेऊन आला. बाकीच्यांनी मोबाइल काढले. कितीतरी दिवसांनी त्याचा चेहरा मोकळा दिसला.

"आते बराबर व्हयनं," तो मला म्हणाला. "आते त्याले परत घेतीन ना?"



कोणी घेतलं नाही. यालाही त्याच संध्याकाळी घरी बसवलं. एकाने गाय मारली म्हणून दुसऱ्याने वासरू मारू नये म्हणतात. इथे दोन्ही मेली आणि मारणाऱ्यांचा खप वाढला. साडू बायकोमुलांना घेऊन सुरतेला गेला. हा पुरुषोत्तमनगरला उसाचा ट्रॅक्टर चालवतो, असं ऐकतो. मी भेटायला गेलो नाही. त्याला काय सांगणार?

सुरुवातीला मी टीव्हीकडे पाठ करून बसायचो. आता काही वाटत नाही, आणि वाटत नाही याचंही काही वाटत नाही.

माझं टेबल दाराजवळ आहे. आमच्या टीव्हीवर दिवसभर तो साडूला ओढतो आणि हसतो. काचेतून समोरच्या शोरूमचा टीव्ही दिसतो. तिथे तो वाळूत हात वर करून उभा असतो. दोन्हीकडे आवाज बंद असतो. गिऱ्हाईक आलं की मी उठतो.