पेटीवरची खूण आणि देवाचा कौल

आमच्या आंब्याच्या पेटीवर काय काढायचं, हे ठरवायला शेवटी देवाला मधे पडावं लागलं.

साठ सालच्या आसपासची गोष्ट. आमचं घर समुद्रकाठच्या मिठबावचं. आदल्या हंगामात मुंबईच्या बाजारात कुणाचे तरी नासके आंबे आमचे म्हणून खपले आणि दलालाने माझ्या वडिलांना, म्हणजे आबांना, बजावलं, "यंदा तुमची पेटी लांबून ओळखता आली नाही, तर माल पाठवू नका." आबांचं जेवणावरून लक्षच उडालं. मी नुकताच मुंबईहून चित्रकला शिकून आलो होतो. (म्हणजे घरात बिनकामाचा असा मी एकटाच.)

मी एक सुबक कैरी काढली आणि खाली नियम लिहिले: रंग एकच, जागा एकच, कुणीही पदरचं काही घालायचं नाही.

काकी म्हणाली, "सगळा बरा आसा, पण वर एक कलश काढ. शकुनाचो."

काका म्हणाले, "बाजूक होडी व्हयी. मिठबावचो माल म्हणान कळाक नको?"

"आणि माझा नाव?" आबांनी विचारलं. "तां खंय आसा?"

मी सगळ्यांचं ऐकलं. कैरी कलशावर चढली, कलश होडीत बसला, शिडावर आबांचं नाव आलं. लांबून ते बुडायला निघालेलं लग्नाचं वऱ्हाड दिसत होतं. मग घरात जी जुंपली, ती थांबेचना.

"देवाकच इचारूया," आबा म्हणाले.

देवळात गुरवाने पाषाणावर ओल्या कळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मी माझी कैरी पुढे ठेवली.

"बा देवा म्हाराजा, ही खूण पसंत आसली तर उजवो कौल दी."

"होय म्हाराजा," सगळे म्हणाले.

डावी पडली. मग वऱ्हाड ठेवलं. पुन्हा डावी. माझा चेहरा पडला. काकांनी गंभीरपणे कागद उलटा केला आणि कोरी बाजू वर ठेवली.

"आता ह्या इचार."

गाऱ्हाणं पुरं व्हायच्या आत उजवी कळी खाली आली.

"म्हणजे काय काढूचाच नाय?" मी विचारलं.

"देवापेक्षा तुका जास्त कळता?" आबा म्हणाले.

पेट्या कोऱ्याच गेल्या. माझे नियम मात्र तंतोतंत पाळले गेले, कारण कुंकवाचा ठिपका लावायचीसुद्धा कुणाची छाती झाली नाही. आणि बाजारातल्या त्या रंगीबेरंगी गर्दीत आमची पेटी लांबूनच ओळखू यायला लागली. दलालाने आणखी माल मागवला.

पुढच्या हंगामात शेजारचा शांताराम आपली पेटी आणि रंगाचा डबा घेऊन दारात उभा.

"माझ्या पेटयेर पण तुमच्यासारखीच काढून दी रे. तुझो हात बरो आसा."

चित्रकला शिकून आल्यापासून माझ्या कामाची नक्कल कुणाला हवीशी वाटली, ती तेवढी एकदाच.