हवेला न कळलेलं गाणं

काकू गेली त्याला सव्वा महिना झाला. फोन काकांचाच होता. "सुमन गेली गं," एवढंच म्हणाले, आणि फोन ठेवला. शहराच्या दुसऱ्या टोकाच्या थाटीपुराहून मी दौलतगंजातल्या काकांच्या घरी पोचले तर घर माणसांनी भरलेलं. त्या घरात एवढा आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होते, आणि मला सगळ्यांचा रागच आला.

आमचे आजोबा दरबारच्या कचेरीतले. संस्थान विलीन झालं, कचेरी गेली, आणि आजोबांनी रस्त्याकडच्या खिडक्या लावून घेतल्या. काकू उज्जैनहून सून होऊन आली ती या बंद घरात. गाणं शिकलेली, सोबत तानपुरा. तो गवसणीतून निघताना बघूनच आजोबा म्हणाले, "सूनबाई, गाणं बंद. उद्या बाड्यावर, भर चौकात, लोक म्हणतील, नोकरी गेली म्हणून म्हाताऱ्यानं सुनेला गायला बसवलं." पुढे नवं राज्य झालं, राजधानी भोपाळला गेली आणि मागोमाग काकांची नोकरीही. घर मिळालं की हिला नेतो, म्हणाले. घर मिळालं तेव्हा आजी अंथरुणाला खिळली होती… काकू राहिली ती राहिलीच.

पण ती विज्ञानाच्या मास्तरांची लेक. मी लहान असताना एका दुपारी तिनं चिमट्याला सुतळी बांधली, टोकं माझ्या कानांत दाबून धरायला लावली आणि चिमटा चौकटीवर हलकेच आपटला. माझ्या डोक्यात देवळातली मोठी घंटा! मी किंचाळलेच.

"हळू गं! हवा मोठी चुगलखोर, सगळ्यांना सांगत सुटते. दोरा, लाकूड, हाड… हे नाही तसे. जो चिकटून राहील त्यालाच सांगतात."

मग मला कळलं ती दुपारी काय करते. तानपुऱ्याच्या भोपळ्यावर हनुवटी टेकायची, तार जेमतेम छेडायची आणि ओठ मिटून गायची. खोलीत माशीचासुद्धा आवाज नाही. मी दुसऱ्या बाजूनं भोपळ्याला कान लावला, आणि काय सांगू! भरदार, तृप्त गळा, तासन् तास ऐकावा असा. एकदा आजोबा अचानक दारात आले. "डोकं दुखतंय का, सूनबाई?" "हो, मामंजी." संध्याकाळी त्यांनी स्वतः बाम आणून दिला. मी पोट धरधरून हसले होते. आता ते आठवलं की हसू येत नाही. काका सुट्टीत येत, पण दिवसाउजेडी बायकोशेजारी बसणं त्या घरात शोभत नसे. ते बिचारे ओसरीत पेपर वाचत.

आजोबा गेले, काका निवृत्त होऊन परतले. मी म्हटलं, "काकू, आता गा ना मोकळ्यानं. कोण अडवतंय?" तिनं तोंड उघडलं. जो सूर आला तो समोरच्या खुर्चीपर्यंतही पोचला नाही. ती खिडकीकडे बघत राहिली. "जाऊ दे," म्हणाली, "त्याला बाहेर जायची सवयच नाही राहिली." कुणावर चिडावं तेच मला कळेना.

तेराव्याला माणसं पांगल्यावर काका माझ्याजवळ येऊन बसले. उज्जैनची कुणी मैत्रीण त्यांच्यापाशी काकूच्या गाण्याचं कौतुक करून गेली होती. मग मी त्यांना त्या दुपारच्या गोष्टी सांगितल्या, सगळ्या. ते जमिनीकडे बघत ऐकत होते.

"मी यायचो की गं सुट्टीला," शेवटी म्हणाले. "मला कसं कधी ऐकू आलं नाही?"

"जवळ बसावं लागायचं, काका."