इरफानचा हुकलेला शेवटचा शो

इरफान काल गेला. जाईपर्यंत मी त्याला खरं सांगितलं नाही.

रियाधमध्ये आम्ही एकाच ऑफिसात. तो दापोलीचा, आयटी सपोर्टला. मी ॲडमिनमध्ये.

त्याला वेड होतं एका इंग्लिश बँडचं. चार पोरं, इंग्लंडच्या उत्तरेकडचं कुठलंसं गाव. नाव सांगत नाही, तुम्ही ऐकलेलं नसणार.

पहिली सीडी त्याने बहारीनहून मागवली. गाडीत सतत तीच.

"अरे, हा गातोय की रडतोय?"

"रडतोयच रे. पण सुरात."

दुसऱ्या अल्बमला ते तिकडे हिट झाले. इरफानने अख्ख्या फ्लोअरला मिठाई वाटली, जणू ह्याचाच मुलगा बोर्डात आला.

तिसरा आपटला. पेपरवाल्यांनी धुतलं, गिटारिस्ट सोडून गेला. मग वेबसाइटवर दोन ओळी. गावातल्याच हॉलमध्ये एक शेवटचा शो, आणि खलास.

"संजू, आता नाही गेलो तर कधीच नाही."

ब्रिटनचा व्हिसा झाला. विमानाचं तिकीट झालं. राहिली फक्त सौदीतून बाहेर पडून परत यायची परवानगी. त्याला चालू इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, लागतो.

सगळ्यांच्या इकाम्याच्या तारखा माझ्या डायरीत असायच्या. त्याने दोनदा विचारलं. दोन्ही वेळा मी डायरी बघून म्हणालो, "आहे रे वेळ."

इकाम्यावरची तारीख हिजरी. मी गेल्या वर्षीच्या इंग्रजी तारखेत सरळ एक वर्ष मिळवून ठेवलं होतं. हिजरी वर्ष अकरा दिवसांनी लहान असतं, हे तिथे नव्या माणसालाही कळतं. मला सात वर्षं झाली होती.

इकामा चार दिवसांपूर्वीच संपला होता. नवा यायला तीन आठवडे. शो शनिवारी.

मी घाबरलो. म्हणालो, "कफीलने तुझे पेपर दाबून ठेवले."

त्याने भरलेली बॅग उघडली, कपडे परत कपाटात लावले.

"त्याला माझं काय खुपलं रे?" एवढंच बोलला.

कफील म्हणजे आमचा म्हातारा मालक. भला माणूस. मागेल त्याला सही द्यायचा. त्या दिवसापासून इरफानने त्याच्या सलामाला उत्तर देणं सोडलं.

म्हाताऱ्याने मला एकदा विचारलंसुद्धा, "इरफान नाराज क्यूं?"

मी म्हणालो, "काम का टेन्शन."

म्हातारा वारला तेव्हा अख्खं ऑफिस त्याच्या घरी गेलं. इरफान नाही गेला.

पुढे आम्ही दोघंही परत आलो. दर ईदला फोन व्हायचा. दर वेळी ठरवायचो, आज सांगू.

मागच्या ईदला तोच म्हणाला, "आपला गायक आता घरं विकतो म्हणे. संपलं सगळं."

मग म्हणाला, "त्या म्हाताऱ्याला मी अजून माफ नाही केलं."

मी म्हणालो, "हो ना."

आमचं शेवटचं बोलणं ते.

इरफान, म्हाताऱ्याने काही केलं नव्हतं. तारीख मी चुकवली होती.

तिकडे तो भेटला, तर त्याच्या सलामाला उत्तर दे.

खुदा हाफिज, मित्रा.